नाथसागरावरची वीज आणि जाळ्याची जागा

जायकवाडीच्या नाथसागरावर तरंगता सौर प्रकल्प व्हावा की नाही, यावर मराठवाड्यात जो वाद चालला आहे तो दोन्ही बाजूंनी भलत्याच प्रश्नावर चालला आहे. एक बाजू म्हणते, दुष्काळी भागात पाण्यावर वीज तयार होणार, बाष्पीभवन कमी होणार, शेतजमीन लागणार नाही. मग विरोध करणारे विकासाचे शत्रूच. दुसरी बाजू म्हणते, पक्षी अभयारण्य उद्ध्वस्त होईल, पाणी विषारी होईल, मासे मरतील. या गदारोळात पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा तालुक्यांतल्या काठावरच्या मच्छीमाराचं नाव दोन्हीकडून घेतलं जातं, पण त्याचा प्रश्न कोणी विचारत नाही. जाळं टाकायला जागा कुठे उरणार, तिथपर्यंत होडी कोणत्या वाटेने जाणार आणि हे ठरवणार कोण, एवढंच त्याला विचारायचं आहे. माझी भूमिका आधीच सांगतो. प्रकल्प व्हावा. पण सौर पॅनेलचा पहिला तराफा पाण्यात उतरण्याआधी मासेमारीच्या जागा, होड्यांच्या वाटा आणि त्यांच्यावरचा हक्क नकाशासह लेखी व्हायला हवा, आणि त्या हक्काची मुदत वीज कराराच्या मुदतीइतकी हवी. भरपाई हा त्यानंतरचा विषय आहे.

न्यायालयात हा प्रश्न सुटलेला नाही, कारण तो तिथे या रूपात गेलाच नव्हता. मासेमारीवर जगणाऱ्या कहार समाजाच्या समितीने प्रकल्पाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. सप्टेंबर २०२४ मध्ये लवादाने ती फेटाळली आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करायला नकार दिला. प्रत्येक प्रकल्पाला विरोध होत राहिला तर देश पुढे जाणार कसा, असा सवाल न्यायालयाने केला. जायकवाडी अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या २०१७ च्या अधिसूचनेचा लवादाने आधार घेतला. ती अधिसूचना अक्षय ऊर्जेला प्रोत्साहनच देते. या निकालाशी माझं भांडण नाही. पण तो वाद प्रामुख्याने पर्यावरणाचा होता. एखादी गोष्ट करायला कायद्याची आडकाठी नाही, म्हणून ती कशीही केली तरी चालते का? निकाल लागल्यावर अनेकांनी विषय मिटला असं धरलं. प्रकल्प कसा, कुठे आणि कोणत्या अटींवर, हा विषय तर आता कुठे सुरू व्हायला हवा.

प्रकल्पाच्या बाजूचे मुद्दे हलके नाहीत आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. केंद्राच्या अखत्यारीतल्या टीएचडीसी कंपनीचा हा प्रकल्प १२०० मेगावॅटचा म्हणून मांडला गेला आहे. एवढी वीज जमिनीवर करायची तर हजारो एकर रान लागेल, आणि पवनचक्क्या व सौर प्रकल्पांच्या जागांवरून बीड-धाराशिवकडे शेतकऱ्यांचे जे वाद झाले ते आपण पाहिले आहेत. दुसरा मुद्दा पाण्याचा. परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. कोळशाच्या विजेला पाणी लागतं आणि आपल्याकडे तेच नसतं, म्हणून सौर विजेची गरज मराठवाड्याइतकी क्वचितच कुणाला असेल. तिसरा मुद्दा बाष्पीभवनाचा. तेलंगणातल्या रामागुंडमला एनटीपीसीचा १०० मेगावॅटचा तरंगता प्रकल्प २०२२ पासून पूर्ण क्षमतेने चालू आहे. त्यामुळे वर्षाला सुमारे ३२.५ लाख घनमीटर पाण्याची वाफ टळते, असं सरकार सांगतं. तोच हिशेब बारापट केला तर नाथसागरावर वर्षाला सुमारे ३९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे जवळपास १.४ टीएमसी पाणी वाचेल. ७६ टीएमसीच्या उपयुक्त साठ्यापुढे हा आकडा लहान वाटतो. पण नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या घराला दीड टीएमसी किती मोठं असतं ते सांगायला नको.

विरोधकांच्या भीतीतला अतिरंजित भागही बाजूला काढला पाहिजे. तराफे ज्या एचडीपीई प्लॅस्टिकचे असतात, त्याच प्लॅस्टिकच्या नळांतून पिण्याचं पाणी गावोगाव जातं. त्यामुळे ‘पाणी विषारी होईल’ हा प्रचार शहरातल्या लोकांना घाबरवतो आणि मच्छीमाराच्या खऱ्या तक्रारीची पत घालवतो. रोहित पक्ष्यांबद्दल मला आस्था आहे. त्यांच्या उथळ, चिखलाच्या काठांना हात लागू नये ही मागणी रास्तच आहे. पण पक्ष्यांना निदान अभयारण्याचा कायदा आहे, वनखातं आहे, शहरातले पक्षीमित्र आहेत. जाळं टाकणाऱ्याला यातलं काय आहे?

हा पेच जगात नवा नाही. समुद्रात तो तीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे आणि त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे. डेन्मार्कमध्ये विंडेबीला १९९१ मध्ये समुद्रातल्या पहिल्या अकरा पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा मच्छीमारांच्या जागेचा प्रश्न किरकोळ वाटला असणार. आज उत्तर समुद्रात शेकडो चौरस किलोमीटरचे पट्टे पवनऊर्जेला दिले गेले आहेत. तिथे प्रत्येक देशाचा नियम वेगळा. बेल्जियमने पवनचक्क्यांच्या क्षेत्रात मासेमारीला बंदी केली. ब्रिटनमध्ये बांधकामाच्या काळात ५०० मीटरचं सुरक्षा क्षेत्र असतं, पण प्रकल्प चालू झाल्यावर कायद्याने मासेमारीला सरसकट मनाई नाही. मग ब्रिटनच्या मच्छीमाराचं बरं चाललं असेल, असं वाटतं ना? प्रत्यक्षात समुद्राच्या तळावरून जड जाळं ओढणारे ट्रॉलर त्या क्षेत्रात जायला कचरतात. तळाशी वीजवाहिन्या असतात, काही ठिकाणी त्यांच्यावर दगड रचलेले असतात. जाळं त्यात अडकलं तर ते तर जातंच, वेळप्रसंगी बोट कलंडण्याचाही धोका असतो. वारा फिरला, यंत्र बंद पडलं तर खांबांच्या मधून बोट बाहेर कशी काढायची? कागदावर समुद्र खुला आहे आणि होडीवरच्या माणसासाठी बंद आहे. खेकडे-शेवंडाचे सापळे लावणाऱ्यांचं तिथे जमून जातं, ओढजाळ्यांचं जमत नाही. म्हणजे ‘मासेमारीला बंदी नाही’ हे वाक्य कोणाच्या कोणत्या जाळ्याबद्दल आहे, हे विचारल्याशिवाय त्याला काही अर्थ नसतो.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर हाच वाद अंतराचा झाला. २०१९ मध्ये न्यू इंग्लंडच्या समुद्रात पट्टे घेतलेल्या कंपन्यांनी एकत्र येऊन पवनचक्क्यांमध्ये पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण एकेक सागरी मैल, म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर अंतर ठेवण्याचं मान्य केलं. मच्छीमारांच्या संघटनांना शिवाय चार मैल रुंदीच्या मोकळ्या वाटा हव्या होत्या. तटरक्षक दलाने २०२० च्या अभ्यासात त्यांची गरज नाही असं म्हटलं. कोण बरोबर, हे इथे बसून मी ठरवणार नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की तिथे खांब रोवण्याआधी अंतरावर भांडण झालं. आपल्याकडे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मुंबई हायचं तेल १९७४ मध्ये लागलं. तिथल्या तेलफलाटांभोवतीचं ५०० मीटरचं वर्तुळ होड्यांना बंद आहे, आणि फलाटाच्या खांबांपाशी मासळी जमते हे तर कोणताही कोळी सांगेल. मासे वाढले, पण जाळ्याच्या पोहोचेबाहेर वाढले, तर त्याला मासेमारीचा फायदा म्हणायचं का? खंबायतचं आखात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यासाठी केंद्राने जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटी रुपयांची समुद्री पवनऊर्जा योजना मंजूर केली आहे. तिथल्या मच्छीमारांपुढेही उद्या हेच प्रश्न येणार आहेत.

आता नाथसागराकडे येऊ. ‘एवढ्या मोठ्या जलाशयात थोडीशी जागा जाईल, त्यात काय बिघडलं?’ हा युक्तिवाद सर्वांत जास्त ऐकू येतो. हिशेब करून पाहू. रामागुंडमला १०० मेगावॅटसाठी सुमारे ५०० एकर पाणी लागलं. त्या मापाने १२०० मेगावॅटला सहा हजार एकर, म्हणजे साधारण २४ चौरस किलोमीटर. नाथसागर पूर्ण भरला की सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो. म्हणजे सात टक्के. सात टक्क्यांसाठी कोण रडतं?

पण हा हिशेब भरलेल्या धरणाचा आहे, आणि नाथसागर भरलेला किती दिवस असतो? ५५ किलोमीटर लांब आणि जागोजागी उथळ असा हा जलाशय आहे. पाणी १५२२ फुटांवर असतं तेव्हा काठावरून पाहणाऱ्याला पलीकडचा काठ दिसत नाही. पाणी ओसरू लागलं की मैलोन्‌मैल तळ उघडा पडतो, तिथे गाळपेराची पिकं उभी राहतात, आणि मासे व होड्या दोघंही गोदावरीच्या जुन्या पात्राकडे, धरणाजवळच्या खोल पाण्याकडे सरकतात. २०१६ च्या आणि २०१९ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा शून्यावर आला होता. उरलं होतं ते २६ टीएमसीच्या आतलं मृतसाठ्याचं पाणी. अशा वेळी सौर तराफे कुठे असतील? ते चिखलावर टेकू नयेत म्हणून त्यांना बारमाही खोल पाणीच निवडावं लागेल. आणि कटला, रोहू, मरळ, वाम हे मासे उन्हाळ्यात एकवटतात तेही त्याच पाण्यात. भाद्रपदात सात टक्के असलेली जागा वैशाखात उरलेल्या पाण्याच्या किती टक्के होईल? जागा तेवढीच राहते, तिच्याभोवतीचं पाणी आटतं. समुद्र असा आटत नाही. म्हणून समुद्रातल्या पवनचक्क्यांपेक्षा नाथसागरावरच्या तराफ्यांचा प्रश्न एका अर्थाने जास्त कठीण आहे, आणि तो टक्क्यांत मांडणारा माणूस, त्याच्याही नकळत, सर्वांत वाईट वर्षातली सर्वांत चांगली जागा काढून घेत असतो.

शिवाय मोजलेली जागा आणि गेलेली जागा या एक नसतात. तराफे पाण्यावर नुसते तरंगत नाहीत. ते वाऱ्याने सरकू नयेत म्हणून तळाशी नांगर असतात आणि त्यांचे दोर पाण्यात दूरवर गेलेले असतात. वीज किनाऱ्याकडे नेणाऱ्या केबल असतात. रामागुंडमला अडीच-अडीच मेगावॅटचे चाळीस गट आहेत. अशा गटांच्या मधल्या फटीत रात्री लावलेलं जाळं दोराला गुरफटलं तर ते फाडावं लागेल. कोट्यवधींच्या मालमत्तेजवळ रात्री होडी दिसली तर रखवालदार काय करील, हे सांगायला ज्योतिषी नको. आपल्याकडच्या होड्या म्हणजे ट्रॉलर नव्हेत. कित्येक जण थर्माकोलच्या तराफ्यावर बसून, हाताने वल्हवत जाळं लावतात. वाऱ्याच्या दिवसांत या माणसाला २४ चौरस किलोमीटरच्या गटाला वळसा घालून पलीकडे जायला सांगणं म्हणजे पलीकडे जाऊ नको असं सांगणं आहे.

इथे एक जोरकस आक्षेप येतो आणि तो टाळू नये. नाथसागर मुळात मानवनिर्मित. सरकारने धरण बांधलं, सरकारने पाणी साठवलं, सरकारी खात्याने मत्स्यबीज सोडलं. मग तिथे मच्छीमाराचा परंपरागत हक्क आला कुठून? मासेमारीचा ठेका संपला की हक्क संपला. वरवर पाहता हे तर्कशुद्ध वाटतं. पण धरणाआधी तिथे काय होतं? गोदावरी होती, तिचे डोह होते आणि त्या डोहांवर जगणारे भोई-कहार होते. नदी होती म्हणून तिच्यावर चालणारी त्यांची उपजीविका होती. धरणाने ती नदी बुडवली आणि बदल्यात जलाशय दिला. काठावरच्या शेकडोंची शेती गेली, त्यांतलेही काही पुढे जाळ्याकडे वळले. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये झाली आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा पहिला कायदा कधी झाला? त्याच १९७६ साली. म्हणजे ज्या दशकभरात गावं उठत होती, त्या काळात उठणाऱ्यांना पुनर्वसनाचा हक्क देणारा कायदाच नव्हता. आधी पाणी आलं, मग कायदा आला. पन्नास वर्षांनी त्याच काठावर, त्याच माणसांच्या नातवंडांना, ‘आधी तराफे येऊ द्या, तुमचं नंतर बघू’ असं सांगायचं का?

आणि ठेक्यावर भरवसा ठेवायचा तर मध्य प्रदेशातल्या तवा जलाशयाचं काय झालं ते पाहावं. तिथल्या विस्थापित आदिवासींनी झगडून १९९६ मध्ये आपल्या सहकारी संघासाठी मासेमारीचा हक्क मिळवला, स्वतः बीज सोडलं, स्वतः विक्री केली. दहा वर्षांनी मुदत संपली, व्याघ्र प्रकल्पाच्या नियमांचं कारण पुढे आलं आणि ठेका पुन्हा मिळाला नाही. वाघाचं रक्षण वाईट होतं का? मुळीच नाही. वाघ असो की सौर वीज, चांगल्या कामाच्या पुढे पाच वर्षांचा ठेका टिकत नाही, हा खरा धडा आहे. महाराष्ट्रातही जलाशयातली मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने, साधारण पाच वर्षांसाठी मिळते. सौर वीज खरेदीचे करार पंचवीस वर्षांचे असतात. एकाच पाण्यावर एकाला पंचवीस वर्षं आणि दुसऱ्याला पाच, तर पहिल्या नूतनीकरणाच्या वेळी माघार कोणाला घ्यावी लागेल?

‘भरपाई देऊ, नोकऱ्या देऊ’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. नोकऱ्यांचं लवकर आटोपतो: पॅनेल पुसायला आणि पहारा द्यायला काही माणसं लागतील, पण कंत्राटदार ती कुठून आणील हे कोणी बांधून देत नाही. भरपाईचा घोळ अधिक खोल आहे. समुद्री प्रकल्पांत भरपाई ठरते ती मासळी उतरवल्याच्या नोंदींवरून. मोठ्या बोटींकडे त्या असतात. छोट्या होडीवाल्याने काठावरच विकलेल्या मासळीची नोंद कुठेच नसते, म्हणून सर्वांत जास्त नुकसान ज्याचं त्याला सर्वांत कमी मिळतं. नाथसागरावर वेगळं काय होणार? संस्थेच्या यादीत नाव एकाचं आणि पाण्यात उतरणारा दुसरा, हे काठावर नवं नाही. शिवाय पैठणच्या बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या, मासळी साफ करून विकणाऱ्या बायका कोणत्याच यादीत नसतात. एकदा रक्कम वाटली की हक्क विकला गेला असं धरलं जातं. जागा राखली तर यादीत नसलेल्यालाही जाळं टाकता येतं. म्हणून मी जागेला पैशाच्या आधी ठेवतो.

मराठवाड्यातल्या वाचकाला हा मुद्दा परका वाटू नये, कारण आपण सगळेच नाथसागराच्या वरच्या अंगाला हेच भांडलो आहोत. नाशिक-नगरच्या धरणांत पाणी अडत होतं आणि ते अडवणाऱ्यांकडेही चांगली कारणं होती: ऊस, द्राक्षं, कारखाने, वाढती शहरं. सरासरी पावसाच्या वर्षी जायकवाडीत पाणी येतंच की, असं आपल्याला ऐकवलं जायचं. आपण काय उत्तर दिलं? सरासरीचं बोलू नका, तुटीच्या वर्षाचं बोला. मर्जीचं बोलू नका, कायद्याचं बोला. त्यातूनच २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातलं समन्यायी वाटपाचं कलम उपयोगात आलं, २०१४ मध्ये प्राधिकरणाचा आदेश आला, २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने आपली बाजू उचलून धरली. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी पाणी असेल तर वरून सोडायचं, हा नियम तुटीचं वर्ष डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे. मग तेच माप आपण आपल्याच काठावरच्या मच्छीमाराला का लावत नाही? वरच्यांनी आपल्याला टक्केवारी सांगितली तेव्हा तो अन्याय होता, आणि आपण खालच्याला टक्केवारी सांगितली की तो विकास कसा होतो?

यावर शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. एवढ्या अटी घातल्या तर वीज महाग होईल, कंपनी दुसरीकडे जाईल. काही खर्च वाढेल, हे मान्य. गट विखरून मांडले तर केबल लांबते, मोकळ्या वाटा सोडल्या तर काही मेगावॅट कमी बसतील. १२०० ऐवजी हजार बसले तरी परळीतल्या जुन्या संचांशी तुलना करता ती मोठीच वीज आहे. आणि ही काही अशक्य कोटीतली मागणी नाही. ब्रिटनमध्ये समुद्री प्रकल्पांच्या कंपन्या मच्छीमारांशी बोलायला स्वतंत्र संपर्क अधिकारी ठेवतात, आणि पाण्याखालच्या केबलच्या जागा होडीवरच्या यंत्रात दिसतील अशी माहिती पुरवली जाते. आपल्या होड्यांवर यंत्रं नाहीत; पण नांगराच्या प्रत्येक दोरावर दुरून दिसणारं, रात्री चमकणारं तरंगतं चिन्ह लावायला किती खर्च येतो? दोराला जाळं गुरफटलं तर पंचनाम्यासाठी मच्छीमाराने तालुक्याला खेटे घालायचे की कंपनीने काठावर येऊन जाळ्याची किंमत द्यायची, हे करारात एका वाक्यात लिहिता येतं. मासेमारी संस्थेचा ठेका वीज करारासोबत पंचवीस वर्षांचा करणं राज्य सरकारच्या हातात आहे.

सर्वांत आधी हवा तो नकाशा, आणि तो कधी काढायचा यालाच महत्त्व आहे. सर्वेक्षणाच्या बोटी पावसाळ्यानंतर, धरण तुडुंब असताना फिरल्या तर सगळीकडे पाणीच पाणी दिसेल आणि कुठेही तराफे बसतील असं वाटेल. नकाशा मे महिन्यात काढावा, पाणी सर्वांत खाली असताना, आणि होडीत मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याबरोबर चारही तालुक्यांतले जाळं टाकणारे लोक असावेत. संस्थांचे पदाधिकारीच तेवढे नकोत. कोणत्या डोहात उन्हाळ्यात मासा थांबतो, कायगाव टोक्याच्या बाजूने येणारी वाट कुठून जाते, वाऱ्यात होड्या कोणत्या आडोशाला लागतात, हे त्यांना माहीत आहे आणि ते कोणत्याही उपग्रहाला दिसत नाही. तराफ्यांची मांडणी त्या नकाशाच्या उरलेल्या जागेत बसवावी, आणि निविदेच्या कागदांना तो नकाशा जोडलेला नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांनी पाण्यावर काम सुरू करायला परवानगी देऊ नये.